गाडीचं तोंड घराकडे

वुल्पन, २५ ऑगस्ट १९१४

सिरील,

बेनोनी म्हणतो, पत्राची सुरुवात ‘माझ्या लाडक्या नातवा’ अशी करतात. मी म्हटलं, लाडका आहे की नाही ते त्याचं उत्तर आल्यावर ठरवू, तू आपला पुढे लिही. चर्चची घंटा वाजवणाऱ्या माणसाला पत्र सांगायचं म्हणजे असंच. प्रत्येक वाक्याआधी तो घसा साफ करतो, जणू मी नाही, पोपच बोलणार आहेत.

तुझं कार्ड मिळालं. बिअरवाल्या शेठची हिरवी मोटार सैन्याने नेली आणि मोटारीबरोबर तिचा ड्रायव्हर म्हणून तुलाही नेलं, हे आम्हाला शेठाणीकडून आधीच कळलं होतं. ती दोन दिवस रडतेय. तुझ्यासाठी नव्हे. मोटारीत काचेची फुलदाणी होती ना, ती काढून घ्यायची राहिली.

इकडे परवा चौकात सार्जंट आले होते, मशीनगनच्या गाड्या ओढायला कुत्रे निवडायला. मी आपल्या तुर्कला, तो ओढतो त्या दुधाच्या गाडीसकट घेऊन गेले. त्यांनी तुर्कचे दात पाहिले, पाय पाहिले, आणि नको म्हणाले. वय झालं आणि ऐकत नाही म्हणे. तुर्कला घेतलं नाही आणि तुला घेतलं! सैन्याची पारख कशी आहे ते यावरून कळलं.

अँटवर्पमध्ये तुझ्याकडून काय काम करून घेतात ते लिही. खरं लिही.

आजी

अँटवर्प, ३० ऑगस्ट १९१४

प्रिय आजी,

काम सांगतो, पण विश्वास ठेवणार नाहीस. शेठची मोटार आता तुला ओळखूच येणार नाही. इथल्या कारखान्यात तिचे दरवाजे, मखमली सीटा, चामड्याचं छप्पर सगळं काढून टाकलं. राहिलं फक्त इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा. मग जहाजं बांधणारे कामगार आले. त्यांनी पोलादाचे पत्रे कापले, भोकं पाडली आणि खिळे ठोकून असे बसवले की चारी बाजूंनी भिंत उभी राहिली. पुढे इंजिनाला हवा मिळावी म्हणून पोलादाच्या दोन झडपा आहेत, त्या मी बसल्या जागेवरून उघडतो, मिटतो. मला पाहायला बोटभर फट आहे. मधोमध मशीनगन.

वजन इतकं वाढलं की मागच्या चाकांना प्रत्येकी आणखी एक चाक जोडावं लागलं. पण आजी, इंजिन तेच! ज्या इंजिनाने शेठाणीला रविवारी चर्चला नेलं, तेच आता हे सगळं ओढतं आणि घोडेस्वार मागे पडतात. पहिल्या दिवशी मी पेडल दाबलं तेव्हा ती क्षणभर थरथरली आणि मग निघाली. कामगारांनी टोप्या उडवल्या. माझे डोळे भरून आले, हे फक्त तुला सांगतोय.

आम्ही चौघे आहोत. लेफ्टनंट द मोरेल आमचे साहेब. बॅरनचे चिरंजीव, फ्रेंच बोलतात, स्वतःच्या खर्चाने बूट शिवून आलेत. गन चालवायला फॉन्स, अँटवर्पच्या गोदीतला हमाल, माझ्या दुप्पट. त्याला काडतुसं द्यायला एक शाळामास्तर. जर्मनांची टेहळणी करायला पुढे जायचं, दिसले की गोळ्या झाडायच्या आणि परत यायचं. काळजी करू नकोस. तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त सुरक्षित आहे. काल मात्र टोपी भिजल्यामुळे सर्दी झालीय.

तुझा,
सिरील

वुल्पन, ४ सप्टेंबर १९१४

सिरील,

बेनोनीने तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चौकात, भोवती वीसेक माणसं होती. लोहार म्हणाला, पोलादाला खिळे ठोकून भिंत उभी करायची आणि ती चालती करायची, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी माझी भट्टी देईन. मलाही अभिमान वाटला, लपवत नाही. आपल्या एवढ्याशा देशाकडे ना तोफा पुरेशा, ना घोडे. मग लोकांनी रविवारची मोटार घेतली आणि तिला चिलखत चढवलं. जे घरात आहे त्यातूनच जेवण करावं लागतं, ते बायकांना विचार.

आता माझा प्रश्न. तू लिहिलंस चारी बाजूंनी पोलाद. मी चार मोजल्या. पाचवी कुठे आहे?

टोपी कशी भिजली, सिरील?

वर छप्पर नाही ना? माझ्या स्वयंपाकघराला छप्पर आहे. त्यामुळे तुलना करताना जपून करत जा.

आणि एक लक्षात ठेव. मागे वजन जास्त असलं की आमच्या रस्त्यांवर काय होतं ते तू पाहिलं आहेस. मधल्या फरसबंदीवर आहेस तोवर राजा. कडेच्या मातीत एक चाक उतरलं की दुधाचे कॅन खड्ड्यात. तुझ्या गाडीत दूध नाही, माणसं आहेत. मधूनच चालव. समोरून बिशप आला तरी.

बेनोनी हे शेवटचं वाक्य लिहायला तयार नव्हता. मी म्हटलं, तू लिही, बिशपला मी बघून घेईन.

आजी

डेंडरमोंडजवळ, १३ सप्टेंबर १९१४

प्रिय आजी,

हो, छप्पर नाही. दरवाजाही नाही. आम्ही भिंतीवरून उडी मारून आत जातो. फॉन्सला आत ढकलायला दोघे लागतात. आता झालं समाधान?

पण काय सांगू, आजी! मंगळवारी आम्ही एका वळणावरून पुढे गेलो आणि समोर जर्मन भालेवाले घोडेस्वार, तीसेक असतील. त्यांनी असलं काही जन्मात पाहिलेलं नव्हतं. घोडे मागच्या पायांवर उभे राहिले. त्यांच्या गोळ्या पत्र्यावर गारांसारख्या वाजत होत्या आणि आत आम्ही एकमेकांकडे पाहत होतो, कुणालाच काही होत नव्हतं. साहेब उभे राहून सिगारेट ओढत होते. त्या क्षणी वाटलं, आपल्याकडच्या साध्या मोटारीत केवढं बळ होतं आणि आपण तिला बाजाराला नेत होतो.

आम्ही परत आलो. सगळं ठीक. फॉन्सची तब्येत जरा बरी नाही, म्हणून तो सध्या इस्पितळात आहे. गनवर आता शाळामास्तर बसतो.

तुझा,
सिरील

बेनोनीकाका, यापुढचं आजीला वाचून दाखवू नका. परत येताना गाडी वळवायला वेळ लागला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चर. पुढे, मागे, पुढे, मागे, पाच वेळा. त्यात आमची आडवी बाजू त्यांच्याकडे, आणि मागचं एक चाक मातीत उतरलं. फॉन्स वर उभा होता. त्याच्या खांद्यातून गोळी आरपार गेली. हात राहील असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या वेळी तो किंवा मी. कसं वळावं तेच समजत नाही.

वुल्पन, १८ सप्टेंबर १९१४

सिरील,

मला अक्षर येत नाही, पण वाचणाऱ्याचं तोंड वाचता येतं. बेनोनीने ‘तुझा सिरील’ म्हटलं आणि कागदाची घडी करायला लागला. पण त्याचे डोळे अजून खाली सरकत होते, ओठ मिटलेले. मी म्हटलं, बेनोनी, सहीनंतर एवढं काय पाहतोस? तो म्हणाला, ‘शाईचा डाग आहे.’ मी म्हटलं, तीस वर्षं तू येशूसमोर घंटा वाजवतोस आणि माझ्यासमोर खोटं बोलतोस? मग त्याने वाचलं. रागावू नकोस त्याच्यावर. तो रडला. त्याला माझ्याकडून कॉफी मिळाली.

तर तुमची गाडी वळत नाही.

सिरील, विधवा माएसच्या शेताची वाट आठव. दोन्ही बाजूंना पाण्याचा चर, शेवटी तिचं फाटक आणि फाटकामागे तिचा तो काळा कुत्रा, राक्षसच, साखळीला बांधलेला. साखळी किती जुनी ते कुणालाच माहीत नाही. मी चाळीस वर्षं तिथे दूध घालतेय. कधी दार ठोठावून मग गाडी वळवलीय का? आधी मोठ्या रस्त्यावर, जिथे जागा आहे, तिथेच तुर्कचं तोंड घराकडे करायचं. मग उलट चालत, गाडी ढकलत, वाटेने फाटकापर्यंत. दूध द्यायचं. साखळी तुटलीच, तर नुसतं ‘चल’ म्हणायचं. तुर्कला वळावं लागत नाही, त्याने फक्त पळायचं. माझ्या दोन्ही पोटऱ्या अजून जागेवर आहेत, येऊन बघ.

तुम्हीही तसंच करा. वळणाआधी, जिथे रस्ता रुंद आहे तिथे गाडी वळवा. मग पाठमोरे आत शिरा. तुमची बंदूक मागे वळते ना? वळत नसेल तर वळवा. आणि तुमच्या गाडीचं नाजूक ते इंजिन, तेही जर्मनांपासून लांब राहील, हे तुमच्यातल्या एकालाही सुचू नये?

राहिला प्रश्न मागचं न दिसण्याचा. तुर्कलाही दिसत नाही. मी उजव्या कुशीवर थाप मारली की तो उजवीकडे सरकतो, डाव्या कुशीवर मारली की डावीकडे. पाठीवर मारली की थांबतो. हे शिकायला त्याला एक आठवडा लागला. तू त्याच्यापेक्षा थोडा हुशार आहेस, असं धरून चालते.

आजी

अँटवर्प, २४ सप्टेंबर १९१४

प्रिय आजी,

तुझं म्हणणं पटलं. इतकं पटलं की मी हसत सुटलो. मी स्वतः तुझ्याबरोबर त्या वाटेवर शंभर वेळा आलोय आणि मला सुचलं नाही.

पण साहेबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, ‘बेल्जियमचं सैन्य शत्रूसमोर पाठमोरं जात नाही. आपल्याला जर्मनांना मोटारीचं ढुंगण दाखवायचंय का?’ मी म्हटलं, साहेब, परतताना दाखवतोच की. त्यावर मला दोन दिवस बटाटे सोलायला बसवलं.

ते वाईट नाहीत, आजी. ते इतके शूर आहेत की त्याचीच भीती वाटते. पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायचंय, त्याच रस्त्यावर.

तुझा,
सिरील

वुल्पन, २७ सप्टेंबर १९१४

लेफ्टनंट द मोरेल साहेबांना,

मी सिरीलची आजी, सिदोनी. दूध विकते. हे पत्र चर्चचा घंटावाला लिहितोय, म्हणून त्यात चांगले शब्द आले तर ते त्याचे आहेत असं समजावं.

तुम्ही सिगारेट ओढत गोळ्यांत उभे राहता, हे ऐकून आमच्या गावात सगळ्या बायकांना तुमच्याबद्दल फार आदर वाटतो. मलाही वाटतो. पण साहेब, तुमचे वडील बॅरन आहेत, त्यांनी तुम्हाला दरबारात कसं जावं ते शिकवलं असेल. राजासमोरून निघताना पाठ दाखवत नाहीत, मागे मागे चालत दारापर्यंत येतात, खरं ना? त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. त्याला रीत म्हणतात.

मी सांगतेय ती तीच रीत आहे. फक्त उलटी. आत जाताना मागे मागे जायचं आणि निघताना नाकासमोर.

माझ्याकडे एकच नातू आहे. त्याचे आईवडील तापात गेले. तुमच्याकडे त्याच्यासारखे ड्रायव्हर किती आहेत ते तुम्हीच मोजा.

सिदोनी

गेंट, ११ ऑक्टोबर १९१४

प्रिय आजी,

अँटवर्प पडलं. आम्ही सगळे समुद्राकडे सरकतोय, म्हणजे तुझ्याकडे. मी जिवंत आहे, फॉन्सचा हात शाबूत आहे आणि तो परत आलाय.

तुझं पत्र मी साहेबांना फ्रेंचमध्ये सांगितलं. मोटारीच्या ढुंगणाबद्दल तू काही म्हटलं नाहीस त्याबद्दल त्यांनी आभार मानले. मग बराच वेळ मिशी चावत बसले. शेवटी म्हणाले, ‘तुझी आजी जनरल असती तर आपण आज बर्लिनच्या वाटेवर असतो. चल, मागे मागे जाऊ.’

आणि आम्ही गेलो! वळणाआधी मोठ्या चौकात गाडी फिरवली. साहेब माझ्या पाठीशी, मागे तोंड करून उभे. उजव्या खांद्यावर थाप, डाव्या खांद्यावर थाप. बॅरनच्या मुलाचा हात आणि मी तुर्क. फॉन्स म्हणाला, ‘भुंक आता!’ गावात शिरलो तर चर्चमागून जर्मन तोफ बाहेर काढत होते. फॉन्सने गन चालवली. त्यांनी तोफ आमच्याकडे फिरवली. साहेबांनी पाठीत इतक्या जोरात थाप मारली की अजून दुखतंय, आणि ओरडले, ‘घरी!’

मी पेडल दाबलं. वळायचं नव्हतं, आजी. फक्त पळायचं होतं. गोळा आम्ही जिथे होतो तिथेच पडला. रस्त्याच्या मधोमध खड्डा. वळत बसलो असतो तर त्या खड्ड्यात आम्ही चौघे असतो.

आता आमच्याबरोबरच्या दुसऱ्या दोन गाड्याही असंच करतात. ‘दूधवालीची रीत’ म्हणतात त्याला.

तुझा,
तुर्क नंबर दोन

वुल्पन, १९ ऑक्टोबर १९१४

सिरील,

परवा तू आलास आणि वीस मिनिटांत गेलास, म्हणून जे तोंडावर बोलायचं राहिलं ते लिहून पाठवते.

तुझी ती गाडी मी पाहिली. पत्र्यावर हात फिरवला. खळगे मोजायला लागले आणि सव्वीसवर थांबले, पुढे मोजायची हिंमत झाली नाही. आतून शेठाणीच्या मोटारीचा वास येत होता, थोडा बारूद आणि थोडी मखमल. कुणीतरी ती फुलदाणी परत आत लावलीय आणि तिच्यात रानफूल होतं. फॉन्सने लावली असणार. माझ्याकडे पाहून लाजला एवढा मोठा माणूस. पाव आणि लोणी खाऊन म्हणाला, ‘आजी, तुम्ही माझा हात वाचवलात.’ मी म्हटलं, हात डॉक्टरने वाचवला, मी बाकीचा वाचवला.

साहेबांनी मला वाकून नमस्कार केला, जणू मी त्या दरबारातली कुणी. आणि मग चालताना माझ्या दारापासून चार पावलं मागे मागे गेले. मला हसवायला. असं हसवणाऱ्या माणसाबरोबर तू आहेस, म्हणजे ठीक.

पण एक सांगते. तुम्ही आलात तेव्हा मी खिडकीत होते. तू गाडी रस्त्यावर वळवलीस आणि पाठमोरी माझ्या अंगणात आणलीस. तुर्कसुद्धा उठून बसला. सगळ्यांना गंमत वाटली. मी मात्र पाहिलं, गाडीचं तोंड रस्त्याकडे आहे. तू मला ‘दोन दिवस राहीन’ म्हणालास, तेव्हाच मला कळलं होतं की राहणार नाहीस. जिथे थांबायचं नसतं तिथेच आपण असे शिरतो. ही रीत मीच शिकवली, आता रडून काय उपयोग.

समुद्राचं पाणी शेतांवर सोडणार आहेत म्हणतात, जर्मन थांबावेत म्हणून. विधवा माएसचा चर तरी भरेल.

पुढच्या वेळी येशील तेव्हा नाक आत करून शीर. कोंबड्या चेंगरल्या तरी चालतील.

आजी

ब्रेस्त बंदर, २० सप्टेंबर १९१५

प्रिय आजी,

खंदक खणले गेले, तिकडे पाणी भरलं, त्यामुळे गाड्यांना पळायला रस्ताच उरला नाही. आता आम्हाला नव्या गाड्या दिल्यात आणि रशियाला पाठवताहेत. तिथे म्हणे रस्ते संपतच नाहीत. साहेब आणि फॉन्स बरोबर आहेत. जहाज दोन दिवसांत सुटेल.

मागच्या वर्षी तू लिहिलेलं खरं होतं. मला माहीत होतं की मी राहणार नाही. सांगायचा धीर झाला नाही.

तुर्कला माझ्याकडून हाड दे.

तुझा,
सिरील

वुल्पन, २६ सप्टेंबर १९१५

सिरील,

हे पत्र तुला जहाजावर मिळेल की बर्फात, कोण जाणे. तुर्कने हाड खाल्लं. मजेत आहे. परवाच बेनोनीवर गुरगुरला.

जहाज उलटं शिरत नाही ना? मग माझ्याकडे द्यायला काही सल्ला नाही. गळपट्टा विणून पाठवतेय. थाप कुणाची आहे ते ओळखून चाल.

आजी

ब्रुज, ९ फेब्रुवारी १९१९

प्रिय आजी,

सोडलं मला. रजा नाही, कायमचं सोडलं.

रशियात क्रांती झाल्यावर गाड्या जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून आम्ही स्वतः मोडल्या, हे तुला मागे लिहिलंच होतं. माझ्या गाडीचं इंजिन मीच हातोड्याने फोडलं. साहेबांनी तोंड फिरवलं. मागे यायची वाट नव्हती. मध्ये जर्मन. म्हणून आम्ही पुढेच निघालो. आगगाडीने सैबेरिया, मग जहाज, मग अमेरिका, पुन्हा जहाज. फॉन्स म्हणतो, ही सगळ्या जगातली एकच वाट अशी आहे की जिच्यावर न वळता, न मागे जाता, नाकासमोर घरी पोचता येतं.

शनिवारी येतो. मोटार नाही, पायी येईन. बरोबर फॉन्स आहे, त्याला लोणीपाव आठवतोय. साहेब गेंटला उतरले. त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय, चार पावलं मागे मागे.

तुझा,
सिरील

वुल्पन, ११ फेब्रुवारी १९१९

सिरील,

बेनोनी हे पत्र स्वतः ब्रुजच्या गाडीत देणार आहे, टपालावर त्याचा विश्वास नाही.

आधी एक कबुली. तुर्क मे महिन्यात १९१५ साली गेला. तू जहाजावर चढत होतास तेव्हा तो चर्चमागे पुरलेला होता. ते हाड बेनोनीच्या कुत्र्याने खाल्लं आणि गुरगुरलाही तोच. तू छप्पर लपवलंस, मी तुर्क लपवला. फिट्टंफाट.

मी जवळजवळ चार वर्षं दुधाची गाडी स्वतः ओढतेय. विधवा माएसच्या वाटेवर अजून पाठमोरीच जाते. तिचा तो राक्षसही मेलाय, पण सवय मोडत नाही.

फॉन्ससाठी दोन पाव जास्त भाजतेय. अंगणाचं फाटक काढून ठेवलंय. मोटारीसाठी काढलं होतं, आता मोटार नाही तर राहू दे, फॉन्सला लागेलच.

आणि तू. पायी येतोयस, तरी तुझी सवय मला माहीत आहे. उंबऱ्याशी उभा राहून रस्त्याकडे तोंड करून माझ्याशी बोलू नकोस. सरळ आत ये. आणि आत आलास की, सिरील, आपल्या मागे दार लावून घे. थंडी येते.

आजी